बचावपटू घडतो कसा?

क्रोएशियाचा स्टिमॅच, मुंबईचा भेके आणि नाकाडोंगरीच्या मैदानाचा प्रश्न

आमच्या प्रतिनिधीकडून
नाकाडोंगरी (जि. भंडारा)

भारतीय फुटबॉलच्या गेल्या काही वर्षांतील सर्वांत अभिमानास्पद निकालात भारताने एकही गोल केला नव्हता. १० सप्टेंबर २०१९ रोजी दोहा येथे, विश्वचषक पात्रता फेरीत, त्या वेळच्या आशियाई विजेत्या कतारला भारताने गोलशून्य बरोबरीत रोखले. आजारी असल्याने कर्णधार सुनील छेत्री त्या सामन्यात नव्हता. कतारने पंचवीसहून अधिक फटके मारले. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूच्या कामगिरीची दुसऱ्या दिवशी सर्वत्र चर्चा झाली आणि ती योग्यच होती. मात्र त्याच्या पुढे उभ्या असलेल्या चौघांची नावे आज किती जणांना आठवतात? राहुल भेके, संदेश झिंगन, आदिल खान आणि मंदार राव देसाई. झिंगन चंडीगडचा. उरलेल्या तिघांपैकी भेके मुंबईचा, तर आदिल आणि मंदार हे दोघे गोव्याचे. मैदानाबाहेर उभा असलेला प्रशिक्षक होता क्रोएशियाचा इगोर स्टिमॅच, आणि तोही आपल्या काळातील नावाजलेला बचावपटू.

हा योगायोग एवढ्यावरच सोडून देण्यासारखा नाही. आडवाटेच्या गावातील मुलाला मधल्या पायऱ्या कशा लागतात आणि त्या नसल्या तर काय होते, हे स्टिमॅच आणि भेके यांच्या कारकिर्दी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्यावर स्पष्ट दिसते. तुमसर तालुक्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेलगत, मँगनीजच्या खाणी आणि जंगल यांच्या शेजारी वसलेल्या नाकाडोंगरीसारख्या गावातून हा विषय पाहिला, तर तो केवळ क्रीडापानापुरता राहत नाही.

लहान गाव, लहान देश

क्रोएशियाचे नाव काढले की आपल्याकडे हमखास एक वाक्य ऐकायला मिळते: एवढासा देश, पण विश्वचषकाच्या अंतिम फेरीत जातो! २०२१ च्या जनगणनेनुसार क्रोएशियाची लोकसंख्या सुमारे ३९ लाख आहे. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाख होती. म्हणजे तीन-सव्वातीन भंडारा जिल्हे एकत्र केले की एक क्रोएशिया होतो. या देशाने १९९८ मध्ये विश्वचषकात तिसरे, २०१८ मध्ये दुसरे आणि २०२२ मध्ये पुन्हा तिसरे स्थान मिळविले.

स्टिमॅचचा जन्म ६ सप्टेंबर १९६७ चा, मेटकोविच या गावातला. नेरेत्वा नदीकाठचे, बोस्नियाच्या सीमेलगतचे हे गाव आजही पंधरा हजारांच्या आसपास वस्तीचे आहे. आपल्या तुमसर शहराची लोकसंख्या त्याहून दुपटीपेक्षा अधिक भरते. अशा गावातून निघालेला मुलगा स्प्लिट शहरातील हाजडुक या क्लबच्या युवा संघात दाखल झाला आणि १९८७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, चिली येथे झालेल्या युवा जागतिक स्पर्धेत युगोस्लाव्हियाच्या विजेत्या संघातून खेळला. बोबान, सुकर, प्रोसिनेच्की ही पुढे गाजलेली नावे त्याच संघातली.

यात स्टिमॅचच्या गुणवत्तेचा भाग आहेच. तथापि, मेटकोविचमधील मुलाला जवळच्या मोठ्या शहरातील क्लबपर्यंत नेणारी वाट आधीपासून रुळलेली होती, ही बाब अधिक महत्त्वाची. मुलगा गुणी निघाला की आता त्याला कुठे न्यायचे, हा प्रश्न तेथील पालकांना किंवा शिक्षकांना पडत नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा हाच प्रश्न पहिला असतो आणि शेवटचाही.

पुढची वाटचालही सरळ नव्हती. मे १९९१ मध्ये बेलग्रेड येथे हाजडुकने रेड स्टार संघाला हरवून युगोस्लाव्हियाचा अखेरचा करंडक पटकावला; त्या सामन्यात स्टिमॅचला बाहेर काढण्यात आले होते. दीड महिन्यातच क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि देश युद्धात लोटला गेला. स्टिमॅच स्पेनमधील काडिझ संघाकडे गेला, परतला आणि १९९४-९५ च्या हंगामात हाजडुकसह चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. तेथे त्यांची गाठ त्या वर्षी विजेत्या ठरलेल्या आयाक्सशी पडली.

ऑक्टोबर १९९५ मध्ये तो इंग्लंडच्या डर्बी कौंटीकडे आला. डर्बी त्या वेळी दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. पहिल्याच सामन्यात संघाने पाच गोल खाल्ले. त्यानंतर मात्र सलग वीस सामने डर्बी अपराजित राहिला आणि हंगामाअखेर प्रीमियर लीगमध्ये दाखल झाला. पाच गोल खाल्लेल्या बचावपटूला पुढच्याच आठवड्यात चूक सुधारण्याची संधी मिळते, ही त्या स्पर्धेची रचना. या श्रेणीत प्रत्येक संघाला एका हंगामात ४६ साखळी सामने खेळावे लागतात. करंडक स्पर्धांचे सामने वेगळेच. हा ४६ चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

१९९८ च्या विश्वचषकात स्टिमॅच, बिलिच आणि त्यांचे सहकारी यांच्या बचावफळीच्या भरवशावर क्रोएशियाने जर्मनीला ३-० असे नमविले. उपांत्य फेरीत फ्रान्सकडून २-१ अशी हार झाली. फ्रान्सचे दोन्ही गोल लिलियन थुराम या बचावपटूने केले होते. राष्ट्रीय संघातून ५३ सामने, डर्बीनंतर वेस्ट हॅम आणि शेवटी पुन्हा हाजडुक अशी ही कारकीर्द २००२ पर्यंत चालली.

मुंबईचा उशिरा उगवलेला खेळाडू

मे २०१९ मध्ये स्टिमॅच भारताचा प्रशिक्षक झाला. त्याचा पहिला सामना ५ जून २०१९ रोजी थायलंडमधील बुरीराम येथे कुरासाओविरुद्ध होता. भारत १-३ असा हरला. त्या सामन्यात ज्यांनी भारताकडून पदार्पण केले त्यांत राहुल भेके होता. त्याचे वय त्या दिवशी २८ वर्षे होते. ज्या वयात स्टिमॅच प्रीमियर लीगच्या उंबरठ्यावर स्थिरावला होता, त्या वयात भेकेच्या अंगावर देशाची जर्सी पहिल्यांदा चढली.

यात भेकेचा काहीच दोष नाही. ६ डिसेंबर १९९० रोजी मुंबईत जन्मलेला हा खेळाडू मुंबईच्या क्लब फुटबॉलमधून वर आला आणि २०१४ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेला. त्या काळात भारतीय फुटबॉलची दोन घरे होती. शरद ऋतूत इंडियन सुपर लीग आणि त्यानंतर आय-लीग. सुपर लीगमध्ये तेव्हा आठ संघ, म्हणजे साखळीत प्रत्येकी केवळ १४ सामने. भेके २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडून, २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीकडून उसनवारीवर खेळला आणि त्यानंतर दरवेळी ईस्ट बंगालमध्ये परतला. एका वर्षात दोन संघ, दोन प्रशिक्षक, दोन पद्धती. आक्रमक खेळाडूला हे एकवेळ निभावता येते. बचावपटूची मदार मात्र शेजाऱ्यावर असते. आपल्या डाव्या हाताचा सहकारी केव्हा पुढे सरकेल, गोलरक्षक केव्हा बाहेर येईल, हे त्याला न बघता कळावे लागते आणि ही जाण सोबतीने खेळूनच येते.

२०१७ मध्ये तो बंगळूरू एफसीकडे गेला आणि तेथे चार हंगाम स्थिर राहिला. फळ लगेच दिसले. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर, म्हणजे आपल्याच गावात, सुपर लीगच्या अंतिम सामन्यात अतिरिक्त वेळेच्या ११७ व्या मिनिटाला कॉर्नर किकवर त्याने हेडरने गोल केला आणि बंगळूरूने एफसी गोव्याला १-० असे हरवून विजेतेपद मिळविले. अडीच महिन्यांनी स्टिमॅचने त्याला राष्ट्रीय संघात उतरविले.

२०२१ मध्ये भेके मुंबई सिटीकडे परतला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे मुंबई सिटीने इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ असे हरविले. आशियाई चॅम्पियन्स लीगमधील भारतीय क्लबचा तो पहिला विजय. निर्णायक गोल भेकेचा, पुन्हा कॉर्नर किकवर, पुन्हा डोक्याने. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-१ असे नमवून मुंबई सिटीने सुपर लीगचा करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार भेकेच होता. त्यानंतर तो पुन्हा बंगळूरूकडे गेला आणि तो संघ २०२४-२५ च्या अंतिम फेरीपर्यंत पोचला. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबाद येथे मलेशियाविरुद्ध भारताची बरोबरी त्याच्याच गोलने झाली. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्धही त्याने गोल केला.

म्हणजेच, वयाच्या तिशीनंतर हा खेळाडू सर्वाधिक बहरला. बचावपटू उशिरा पिकतो, हे जगभर खरे आहे. मात्र पिकण्याआधी त्याला जे सामने मिळायला हवेत, ते आपल्याकडे त्याला फार उशिरा मिळतात, हे त्याहून अधिक खरे आहे.

स्टिमॅचचा हिशेब

प्रशिक्षक म्हणून स्टिमॅचच्या पाच वर्षांचे मूल्यमापन दोन टोकांनी होते. एक बाजू सांगते की त्याच्या काळात भारताने २०२१ आणि २०२३ अशी दोनदा सॅफ स्पर्धा जिंकली, २०२३ मध्ये इम्फाळची तिरंगी स्पर्धा आणि भुवनेश्वरचा आंतरखंडीय करंडक जिंकला, जुलै २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीत ९९ वे स्थान गाठले. दुसरी बाजू सांगते की जानेवारी २०२४ मधील आशियाई करंडकात भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडूनही हरला आणि एकही गोल करू शकला नाही. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ अशी हार पत्करावी लागली. आणि ११ जून २०२४ रोजी कतारकडून, एका वादग्रस्त गोलनंतर, १-२ असे हरून विश्वचषक पात्रतेच्या पुढच्या फेरीचे दार बंद झाले. सहा दिवसांनी महासंघाने त्याला पदावरून दूर केले. कराराची मुदत शिल्लक असल्याने भरपाईचा वाद उभा राहिला आणि अखेर चार लाख डॉलरवर तडजोड झाली.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि त्यांत विसंगती नाही. स्टिमॅचच्या भारताने जिंकलेल्या स्पर्धा मायदेशातल्या किंवा दक्षिण आशियातल्या होत्या. समोरचा संघ वेगाने, सतत आणि नव्वद मिनिटे दडपण आणणारा असला की बचावफळी कोलमडत असे. दोह्याची २०१९ ची ती रात्र अपवाद होती, नियम नव्हे. असे दडपण राष्ट्रीय शिबिरात शिकविता येत नाही. ते दर आठवड्याला सोसावे लागते. स्टिमॅच वारंवार दीर्घ शिबिरांची मागणी करीत असे. क्लब खेळाडूंना लवकर सोडायला नाखूश असत. शिबिर वाढवून मागण्याची वेळ प्रशिक्षकावर येते, कारण हंगामातच पुरेसे सामने नसतात. डर्बीत स्वतः ४६ सामन्यांचा हंगाम अनुभवलेल्या माणसाला वीस-बावीस साखळी सामन्यांवर घडलेली बचावफळी हाती मिळाली होती. सुपर लीगमध्ये २०२२-२३ मध्ये प्रत्येक संघाला २०, तर २०२३-२४ मध्ये २२ साखळी सामने मिळाले.

त्यात आणखी एक अडचण होती. सुपर लीगच्या सुरुवातीच्या वर्षांत संघाचा कणा, म्हणजे मध्यवर्ती बचावपटू, बचावात्मक मध्यरक्षक आणि आघाडीवीर, बहुतेक वेळा परदेशी असे. मुंबई सिटीकडूनच २०१९-२० मध्ये मातो ग्रगिच हा क्रोएशियन बचावपटू खेळला. परदेशी खेळाडूंमुळे दर्जा वाढला हे नाकारता येणार नाही. तथापि, भारतीय बचावपटूला बाजूला, राइट बॅक किंवा लेफ्ट बॅक म्हणून, ढकलले गेले. २०२१-२२ पासून मैदानावरील परदेशी खेळाडूंची संख्या पाचावरून चारवर आली. भेके दोह्याच्या २०१९ च्या सामन्यात उजव्या बगलेला होता. २०२४ च्या आशियाई करंडकात तो झिंगनच्या शेजारी, मध्यभागी उभा होता. या बदलामागे नियमबदलाचाही वाटा आहे, असे म्हणायला वाव आहे.

झिंगनची कथाही या संदर्भात बोलकी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तो क्रोएशियाच्या सिबेनिक क्लबमध्ये दाखल झाला. तेथील सराव आणि सामन्यांची तीव्रता अनुभवण्याची ती दुर्मीळ संधी होती. मात्र दाखल झाल्यानंतर लगेचच दुखापत झाली आणि एकही लीग सामना न खेळता जानेवारी २०२२ मध्ये तो भारतात परतला. एका खेळाडूचे दुर्दैव म्हणून याकडे पाहता येईल. पण वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी एकदम मोठी उडी घ्यावी लागणे, हा मधल्या पायऱ्या नसल्याचाच परिणाम आहे.

गोव्याच्या महेश गवळीचा उल्लेख येथे आवश्यक आहे. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत घडलेला हा बचावपटू डेंपोच्या वैभवाच्या काळातील भक्कम आधार होता आणि पुढे स्टिमॅचचा सहायक झाला. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत स्टिमॅचवर बंदी आली, तेव्हा उपांत्य आणि अंतिम सामन्यात संघाची धुरा गवळीने सांभाळली. ४ जुलै २०२३ रोजी बंगळूरूच्या कांतीरवा मैदानावर कुवेतविरुद्ध टायब्रेकरमध्ये भारताने विजेतेपद मिळविले, तेव्हा प्रशिक्षकाच्या जागी उभा असलेला माणूस गोव्याचा होता. अकादमी आणि डेंपो या दोन पायऱ्या नसत्या, तर त्या जागी गवळी दिसला असता का?

गळून पडलेल्या पायऱ्या

महाराष्ट्राकडे पाहू या. मुंबईत रोव्हर्स करंडक १८९१ पासून खेळला जात होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो बंद पडला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या मैदानांवरचा. कूपरेजवर टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, बँका, रेल्वे, आरसीएफ अशा कार्यालयीन संघांची चुरस असे. महाराष्ट्राने संतोष करंडक शेवटचा जिंकला तो १९९९-२००० मध्ये.

त्यानंतरची यादी बंद झालेल्या दुकानांची आहे. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद करण्यात आला. एअर इंडिया आय-लीगबाहेर गेला. पुणे एफसी गेला. भारत एफसी एका हंगामापुरता आला आणि गेला. डीएसके शिवाजियन्स, मुंबई एफसी हेही थांबले. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये विसर्जित झाला. यातील प्रत्येक संघ म्हणजे पंचवीस-तीस खेळाडूंची रोजीरोटी आणि त्यामागे उभ्या असलेल्या कनिष्ठ संघांतील मुलांची आशा. सध्याचे राष्ट्रीय प्रशिक्षक खालिद जमील महिंद्र, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या संघांशी जोडलेले होते. आज त्यांपैकी एकही त्या रूपात उरलेला नाही. ज्या शिडीवरून ते चढले, ती त्यांच्या मागे काढून घेतली गेली.

ऑगस्ट २०२५ मध्ये जमील यांनी सूत्रे घेतली आणि महिन्याभरात मध्य आशियातील काफा नेशन्स स्पर्धेत भारताने तिसरे स्थान मिळविले. ताजिकिस्तानविरुद्ध २-१ अशा विजयात दोन्ही गोल बचावपटूंचे, अन्वर अली आणि झिंगन यांचे होते. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत ओमानविरुद्ध टायब्रेकरमध्ये ज्यांनी चेंडू जाळ्यात टाकले त्यांत भेकेही होता. हा आनंद अल्पजीवी ठरला. ऑक्टोबरमध्ये मडगाव येथे सिंगापूरकडून हरल्याने २०२७ च्या आशियाई करंडकाची वाट बंद झाली आणि नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरविले. त्याच सुमारास सुपर लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार संपत आल्याने २०२५-२६ चा हंगाम ठरल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. ज्या खेळाडूंनी सामने खेळायचे, ते घरी बसले होते. अशा वेळी प्रशिक्षक बदलून काय साधणार?

एक सामना, एक वर्ष

आता पुन्हा नाकाडोंगरी. या पट्ट्यात फुटबॉल परका नाही, पण तो पहिला खेळही नाही. धानकापणी आटोपली की पूर्व विदर्भात गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात. कबड्डी समजणाऱ्या गावाला बचाव शिकवावा लागत नाही. कोपऱ्यातला खेळाडू चढाई करणाऱ्याच्या पायावर नजर ठेवतो, शेजारी हात धरून साखळी करतो, एकाने घाई केली तर सगळी साखळी तुटते. फुटबॉलमधील चौघांची बचावफळी याच तत्त्वावर उभी असते. प्रश्न जाण असण्याचा नाही, सामन्यांच्या संख्येचा आहे.

ग्रामीण मुलासाठी फुटबॉलची राष्ट्रीय वाट म्हणजे प्रामुख्याने शालेय स्पर्धा. १९६० पासून दिल्लीत होणाऱ्या सुब्रतो करंडकासाठी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आहेत. रचना कागदावर नेटकी दिसते. तथापि, या स्पर्धा बाद पद्धतीच्या. साधे गणित करून पाहू. सोळा शाळांची बाद पद्धतीची स्पर्धा घेतली, तर एकूण १५ सामने होतात. त्यातील आठ शाळांचा संघ एक सामना खेळून घरी जातो. म्हणजे तालुक्यातील निम्म्या मुलांचा अधिकृत हंगाम वर्षाला एक सामना, तोही एका तासाच्या आत संपणारा. याच्या उलट आठच शाळांची साखळी घेऊन प्रत्येकीला दुसरीशी घरी आणि बाहेर खेळविले, तर प्रत्येक संघाला १४ सामने मिळतात. चुकलेल्या बचावपटूला पुढच्या आठवड्यात चूक सुधारता येते. स्टिमॅचला पाच गोल खाल्ल्यावर डर्बीत जे मिळाले, ते हेच.

बाद पद्धतीचा आणखी एक तोटा आहे. तीत निवड समितीच्या डोळ्यांत गोल करणारा मुलगा भरतो. बचावपटूची गुणवत्ता एका सामन्यात कळत नाही. ती कळायला तो दहाव्या सामन्यातही तसाच उभा आहे का, हे पाहावे लागते. त्यामुळे जिल्ह्यातून मुले निवडली गेली तरी ती बहुधा आघाडीची असतात. राष्ट्रीय संघात बचावपटूंचा दुष्काळ का, याचे एक कारण इतके खाली आहे.

सरकारी प्रयत्न झाले नाहीत असे नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये, युवा विश्वचषकाच्या तोंडावर, राज्यभरात एकाच दिवशी लाखो मुलांना मैदानावर आणणारा 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' हा उपक्रम झाला. पुढच्या महिन्यात नवी मुंबईत विश्वचषकाचे सामने झाले आणि भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. कोल्हापूरला स्थानिक तालमींच्या संघांची आणि शाहू मैदानावर गर्दी करणाऱ्या प्रेक्षकांची परंपरा आहे. म्हणून तेथून खेळाडू येतात. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांसाठी उभे केलेले काम सर्वज्ञात आहे. कामठीच्या रब्बानी क्लबसारखी जुनी नावे विदर्भातही आहेत. मात्र एका दिवसाच्या सोहळ्याने हंगाम होत नाही आणि नागपूर-कामठीच्या पुढे ही साखळी पूर्व विदर्भात फारशी सरकलेली नाही. महासंघाने २०१८ पासून लहान मुलांसाठी 'गोल्डन बेबी लीग' सुरू केली, तिचा भर योग्य ठिकाणी होता: बक्षिसावर नव्हे, सामन्यांच्या संख्येवर. अशी लीग शहरांत चालविणे तुलनेने सोपे, कारण मुले आणि मैदान जवळजवळ असतात. तुमसर तालुक्यात एका गावाहून दुसऱ्या गावी संघ नेण्यासाठी वाहन लागते, आणि तेथेच योजना अडते.

खर्च कोणी करायचा?

हा खर्च खरोखर किती मोठा आहे? आठ शाळांची साखळी म्हणजे ५६ सामने. चेंडू, पंचांचे मानधन, गाडीभाडे आणि मुलांचा अल्पोपाहार. एका प्रशिक्षकाला वेळेआधी घरी पाठविण्यासाठी महासंघाने जे चार लाख डॉलर मोजले, त्या रकमेत असे किती तालुके किती वर्षे खेळले असते, हा हिशेब कोणीही करावा. तालुक्यात खाणी आहेत, त्या चालविणारी मॉइल ही नागपूरला मुख्यालय असलेली सार्वजनिक कंपनी आहे, कंपन्यांना सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी खर्च करण्याचे कायद्याचे बंधन आहे. जिल्हा नियोजन समितीकडे क्रीडा क्षेत्रासाठी तरतूद असते. पैसा नाही, हे उत्तर येथे पुरेसे ठरत नाही. तो इमारतींवर आणि उद्‍घाटनांवर खर्च होतो; सामन्यांवर होत नाही, हे अधिक खरे उत्तर आहे. प्रेक्षागृहावर नाव कोरता येते, ५६ सामन्यांवर कोरता येत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. तालुका पातळीवर साखळी सुरू केली म्हणून उद्या नाकाडोंगरीतून राष्ट्रीय खेळाडू निघेल, असे कोणी म्हणू नये. क्रोएशियातही प्रत्येक गावातून स्टिमॅच निघत नाही. वरची पायरी, म्हणजे नागपूर किंवा पुण्यातील नोकरी देणारा, पगार देणारा संघ नसेल, तर तालुक्यातील साखळीतून वर आलेला मुलगा सतराव्या वर्षी पोलीस भरतीच्या तयारीला लागेल आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के क्रीडा आरक्षण हा आधार आहे. पण त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे मिळायची तर आधी राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळावे लागते. म्हणजे पुन्हा पायऱ्या आल्याच.

म्हणूनच खालची साखळी आणि वरचा संघ या दोन्हींचा विचार एकत्र व्हावा लागेल. विदर्भ विभागासाठी वर्षभर चालणारी जिल्हा संघांची लीग, तिला जोडलेली तालुका पातळीवरील शालेय साखळी आणि वरच्या टोकाला किमान एक व्यावसायिक संघ, एवढी तीन पायऱ्यांची रचना उभी राहिली तरी चित्र पालटू लागेल. क्रिकेटमध्ये विदर्भाने हे करून दाखविले आहे. २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी सलग दोन वर्षे आणि नंतर २०२४-२५ मध्ये विदर्भाने रणजी करंडक जिंकला, त्यामागे वयोगटांच्या स्पर्धा आणि अकादमी यांवर केलेला वर्षानुवर्षांचा खर्च होता. फुटबॉलला तेवढा पैसा मिळणार नाही हे उघड आहे, पण रीत तीच घेता येईल.

राहुल भेके आज कारकिर्दीच्या उत्तरार्धात आहे. मुंबईसारख्या महानगरात जन्म होऊनही, राष्ट्रीय संघात पोचायला त्याला अठ्ठावीस वर्षे लागली. ज्या मुंबईकराला एवढा वेळ लागला, त्याच्यापेक्षा कितीतरी लांब उभ्या असलेल्या मुलाला किती लागेल, याचे उत्तर देणे अवघड नाही. आजच्या रचनेत तो पोचणारच नाही. पुढच्या वेळी भारतीय बचावफळी अखेरच्या दहा मिनिटांत ढासळेल तेव्हा प्रशिक्षकाच्या राष्ट्रीयत्वावर चर्चा होईल. परदेशी हवा की देशी, हा वाद रंगेल. त्या वेळी, तुमसर तालुक्यातील चौदा वर्षांच्या मुलाने त्या वर्षी किती सामने खेळले, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. उत्तर 'एक' असेल, तर दोष दोह्यातील बचावफळीला देण्यात अर्थ नाही.